मोहोड मास्तरांचा पडदा

जोडीदाराचं तोंड दिसू नये म्हणून टेबलावर पडदा बांधून ब्रिज खेळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मोहोड मास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. रिटायर होऊन बडनेऱ्यालाच राहिले आणि दर रविवारी दुपारी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला यायचे. पडदा म्हणजे तरी काय, घरच्या मोडक्या कुलरचा सांगाडा आणि त्याच्यावर मोहोडकाकूंचं जुनं जांभळं पातळ. तो सांगाडा सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा, टेबलाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका उभा करायचा, आणि दोन पावलं मागे सरून म्हणायचं, "हां. आता खेळ पवित्र झाला."

हसू नका. मोठमोठ्या स्पर्धांमध्ये असाच पडदा असतो म्हणे. मास्तरांनी कुठल्याशा मासिकात त्याचा फोटो पाहिला होता. फक्त तिथल्या पडद्याला फॉल-पिको केलेली किनार नसावी.

टेबलावर आम्ही चौघं. मी अमरावतीला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची, आणि त्या हॉलमधली एकटी बाई होते. माझे जोडीदार म्हणजे माझे यजमान, सुधाकरराव. तेरा पानं हातात आली की यांना झोप येते. मास्तरांचे जोडीदार होते रफीक डॉक्टर. चाळिशीचे, सडसडीत, बोलणं इतकं हळू की पंखा बंद करून ऐकावं लागे. घर अकोल्याचं, म्हातारी अम्मी तिकडे. नोकरी मात्र वाटेतल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, आणि राहणं एकटं, तिथल्याच क्वार्टरमध्ये. रविवारी पॅसेंजरनं बडनेऱ्याला यायचे. पडदा तिरका असल्यामुळे त्याच्या एका बाजूला मास्तर आणि आमचे हे, दुसऱ्या बाजूला डॉक्टर आणि मी. म्हणजे मास्तरांना डॉक्टर दिसत नसत, मला दिसत. त्या पडद्यापायी डॉक्टर आमच्या हातून जाता जाता राहिले, आणि ते हातचे जाताहेत हे फक्त मला दिसत होतं. ते सांगायलाच मी बसले आहे. पण मास्तरांविषयी सांगायचं तर आधी हसल्याशिवाय पुढे जाता येत नाही, काय करू?

ब्रिज न खेळणाऱ्यांसाठी थोडं सांगते, घाबरू नका. हातात तेरा पानं येतात. आपल्याकडे काय आहे ते समोरच्या जोडीदाराला सांगायचं, पण मोजक्या ठरलेल्या शब्दांत. एक किलवर, दोन बदाम, असं. चारी रंग सारखेच असतील तर 'नो ट्रम्प', म्हणजे कुठलाच हुकूम नको. आधी सगळ्यात लांब रंग सांगायचा, मग त्याखालचा, आणि जोडीदारानं तेरातून वजा करत करत हाताचा आकार ओळखायचा. पाच इस्पीक, चार बदाम, तीन चौकट, एक किलवर असेल तर पाच-चार-तीन-एक. सुरुवातीलाच 'पास' म्हटलं तर त्याचा अर्थ, बाबा रे, माझ्याकडे काही नाही, आता तूच बघ.

हे सांगताना आवाज चढवायचा नाही, अडखळायचं नाही, सुस्कारा टाकायचा नाही. टाकलाच, तर जोडीदारानं तो ऐकला नाही असं समजून खेळायचं. खेळाचा खराखुरा नियम आहे हा. बाकीचे लोक तो पाळल्यासारखं करतात, मास्तरांनी त्याचं व्रत केलं. आवाजसुद्धा नको म्हणून बोली पाटीवर खडूनं लिहायची आणि पडद्याखालून सरकवायची. बोली संपली की सांगाड्याला लावलेली खालची फळी उचलायची, म्हणजे टेबलावरची पानं दिसत, चेहरे नाहीत.

"तीस वर्स पलीकडच्या स्टेशनाशी बोललो मी," मास्तर सांगायचे. "लाइन क्लिअर हाय का? हाय. गाडी सुटली का? सुटली. तिकडचा मानूस हासून राह्यला का रडून राह्यला, मले काय करायचं? एकानं मले फोनवर इचारलं, मास्तर, तब्येत कशी हाय? मी म्हनलं, बाप्पा, गाडीचं बोल!" आणि या विनोदावर ते स्वतःच इतके खूश होऊन हसत की डोक्यावरची टोपी डोळ्यांवर घसरे.

आकाराचं वेड पत्त्यांपुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. बडनेऱ्याच्या बाजारात मास्तर भाजीसुद्धा तेरा नग घ्यायचे. पाच वांगी, चार टमाटे, तीन कारली, एक लिंबू. भाजीवालीनं प्रेमानं एक वांगं वर टाकलं की हे पिशवीतून काढून परत ठेवणार. "नाई बाई. चौदाचा हात नसते." ती बिचारी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

माणसंही त्यांना आकारानंच कळत. आमच्या पुतणीसाठी त्यांनी एक स्थळ आणलं. मी विचारलं, मुलगा कसा आहे? म्हणाले, "चार-तीन-तीन-तीन. कुठीच लांब नाई, कुठीच कमी नाई. असा मानूस भांडत नाई मॅडम, एक नो ट्रम्प म्हनते अन् गुपचाप बसते." म्हटलं, मास्तर, हे तर आमच्याच घरात एक आहे, दुसरं कशाला? आमचे हे तेव्हा शेजारीच बसले होते. हसले नाहीत, रागावले नाहीत. चार-तीन-तीन-तीन!

मला त्यांनी सहा-पाच-दोन-शून्य ठरवलं होतं. सहा कशाचे ते मी विचारलं नाही, शून्य धीराचं हे त्यांनीच सांगितलं.

काकूंना पत्त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी कामापुरती बोली शिकून घेतली होती. मास्तरांनी अंघोळीनंतर विचारावं, "काय हाय आज?" आणि काकूंनी चुलीपासून ओरडावं, "दोन बदाम!" म्हणजे वरण आणि एक भाजी. घरात काहीच नसलं की "पास!" तसं झालं की मास्तर निमूट पिशवी घेऊन बाजाराला निघत. "जोडीदार पास म्हनला का उठा लागते," एवढंच म्हणत.

रफीक डॉक्टरांचा आकार मी एकदा विचारला होता. मास्तरांचा चेहरा असा खुलला, जणू कुणी त्यांच्या मुलाची चौकशी केली. त्यांना मूल नव्हतं, हे इथं सांगून टाकते. "पाच-चार-तीन-एक. याच्याहून साजरा आकार नाई मॅडम. आन या मानसानं मले आजवर कदी खोटी बोली देल्ली नाई. पाच म्हनला का पाच. मी डोये झाकून खेयतो त्याच्यासंगं."

"आणि तो एक कशाचा?" मी विचारलं.

"असन कायचा तरी," मास्तर म्हणाले. "ते त्यानं सांगतलं नाई, मी इचारत नाई."

कापसाची ती वाईट वर्षं होती. आम्ही शहरातली माणसं, सकाळी पेपर उघडायचो, आतल्या पानावर जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या गावाचं नाव वाचायचो, च्च म्हणायचो आणि चहा प्यायचो. वलगावसारख्या जवळच्या गावचं कुणी असलं तर जरा जास्त वेळ च्च. त्या बातमीनंतर त्या माणसाचं काय होतं, ते आपण वाचत नाही. त्याला ट्रॅक्टरवर नाहीतर जीपमध्ये घालून तालुक्याला आणतात, आणि तिथं एक डॉक्टर त्याचं पोस्टमॉर्टेम करतो. आमच्या टेबलावर दर रविवारी माझ्या उजव्या हाताला बसायचा तो डॉक्टर.

आधी मला कापराचा वास आला. डॉक्टरांच्या रुमालात कापराची वडी असायची. पाटी सरकवली की ते रुमाल नाकाशी न्यायचे. मग हात धुणं सुरू झालं. दर डावानंतर उठायचे, व्हरांड्यातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, ओल्या हातानं पानं उचलायचे आणि मला हळूच म्हणायचे, "माफ करजा मॅडम." शर्टाची कॉलर मानेभोवती मोठी दिसायला लागली. पाटी लिहायला वेळ लागायला लागला. एक मिनिट, दोन मिनिटं, खडू हवेत तसाच. पडद्यापलीकडून हूं नाही की चूं नाही. जोडीदाराचं थांबणं मास्तर ऐकत नव्हते, ही तर त्यांची तपश्चर्या.

आणि श्रावणातल्या एका रविवारी डॉक्टर रडले. आवाज नाही, चेहरा हललासुद्धा नाही. पाटीवर 'दोन बदाम' लिहिलं आणि त्याच्यावर टपटप पाणी पडलं. अक्षरं पुसली. त्यांनी बाहीनं पाटी कोरडी केली, पुन्हा नीट लिहिलं, माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि पाटी पडद्याखालून सरकवली.

पलीकडून मास्तर खुशीत म्हणाले, "वा डॉक्टर! काय साजरी बोली!"

चहाच्या वेळी डॉक्टर नळावर गेले तशी मी मास्तरांना गाठलं. चहा पितानाही ते डोळे मिटून झालेले डाव आठवत बसत. म्हटलं, "मास्तर, तुमच्या डॉक्टरांकडे जरा बघा हो. त्यांना बरं नाही."

त्यांनी डोळे उघडले आणि हात वर केला, गाडी थांबवल्यासारखा. "बस. मॅडम, तुमी इरोधी जोडी हाय. जोडीदाराची खबर इरोध्याकडून घेनं म्हनजे बेइमानी. त्याले जे सांगाचं असन ते तो बोलीत सांगन."

"अहो, पण ते रडत होते!"

"मी ऐकलं नाई," मास्तर म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

मला त्यांचा इतका राग आला की पाटी डोक्यात घालावी. पण खरं सांगू? थोडं बरंही वाटलं. मी सांगितलं होतं, माझं काम झालं होतं. घरी येताना सुधाकररावांना म्हटलं, आपण मध्ये पडणारे कोण? हे मी म्हटलं, सहा-पाच-दोन-शून्यनं, जिला कुणाच्याही भांडणात पडल्याशिवाय जेवण जात नाही. पुढचे तीन महिने मी त्या माणसाच्या शेजारी बसून त्याला वाळताना पाहत होते आणि पानं लावत होते.

दिवाळी होऊन गेली होती. त्या रविवारी डॉक्टर आले ते दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पानं वाटून झाली. त्यांनी पंखा करून हातात धरली आणि भिंतीकडे बघत राहिले. मग पाटीवर लिहिलं: एक इस्पीक. पाटी गेली, मास्तरांचं उत्तर आलं. मग लिहिलं: दोन बदाम. पुन्हा उत्तर. तीन बदाम. पुन्हा उत्तर. चार चौकट. आम्ही दोघं नवरा-बायको आपलं पास, पास.

पाटी पलीकडे गेली ती परत आली नाही.

मी मनातल्या मनात बेरीज केली, पेशाच तो. इस्पीक म्हणजे कमीत कमी पाच. बदाम दोनदा सांगितले, म्हणजे तेही पाच. आणि मास्तरांच्या पद्धतीत चार पानं असल्याशिवाय चौकटचं नाव काढायचं नाही. पाच, पाच, चार. सुधाकररावांनी नंतर सांगितलं की मास्तरांनी बोटांची पेरं तीन वेळा मोजली.

खुर्ची मागे सरकली. पातळ धरून मास्तरांनी पडदा वर फेकला आणि ओरडले, "डॉक्टर! चौदाचा हात नसते!"

सगळा हॉल वळून बघायला लागला. बाजूच्या टेबलावर कुणीतरी फिदकन् हसलंही. मास्तर रागानं लाल झाले होते. जोडी जमल्यापासूनच्या अकरा महिन्यांत जोडीदारानं दिलेली पहिली खोटी बोली होती ती. आणि मग त्यांनी टोपी मागे सारली आणि समोर पाहिलं. ते पाहणं मी विसरणार नाही.

"डॉक्टर," ते एकदम हळू बोलले, "तुमी येवढे कवा वायले?"

डॉक्टरांनी पानं टेबलावर ठेवली. तेराच होती. चार-तीन-तीन-तीन, आणि त्यात एक राजासुद्धा नाही. सुरुवातीलाच पास म्हणायचा हात.

"माफ करजा मास्तरसाहेब. पानं दिसलेच नाई मले. जे आठोलं ते लिहून देल्लं." मग ते हाताकडे बघत बोलत राहिले. "आज इतवार होता, तरी सकाळीच दोन आनले. त्यातला एक माझ्या शाळेतला. बाजूच्या बाकावर बसत जाय. मी त्याले वळखलं नाई. त्याच्या भावानं नाव सांगतलं तवा वळखलं, तं काम होऊन गेलं होतं. फॉर्मावर दोन ओळीची जागा असते. तेवढ्यात लिहा लागते."

मघाशी हसलेल्यानं हातातली पानं खाली ठेवली.

"पुढच्या इतवारी मी येनार नव्हतो," डॉक्टर म्हणाले.

"काहून? ड्युटी हाय?"

"नाई. कुठीच येनार नव्हतो."

मास्तर वळसा घालून आमच्या बाजूला आले. मला म्हणाले, "मॅडम, उठा." मी उठले. जोडीदारानं समोर बसायचं असतं, शेजारी कधीच नाही. मास्तर माझ्या खुर्चीत डॉक्टरांना खेटून बसले. या माणसानं जन्मात कुणाला कसा आहेस म्हणून विचारलेलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांच्या शर्टाची बटणं काढली आणि एकेक करून नीट लावली. मग म्हणाले, "डॉक्टर, मले सांगतलं काहून नाई?"

"तुमी पडदा लावला ना, मास्तरसाहेब," डॉक्टर म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, साधं उत्तर होतं. मास्तरांची मान खाली गेली.

त्या रात्री डॉक्टर मोहोडांकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी मास्तर त्यांना अकोल्याला घेऊन गेले, अम्मींच्या कानावर घातलं, तिथल्या एका मानसोपचारवाल्याला दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. महिन्याची रजा मिळाली. बदलीचा अर्ज वर्षभर पडून होता तो तसाच पडून राहिला, आणि महिन्यानं डॉक्टर पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच पोस्टमॉर्टेमच्या खोलीत. दुसरं कुणी यायला तयार नव्हतं आणि ट्रॅक्टर यायचे थांबले नव्हते.

तेव्हापासून मास्तरांनी नवीन नोकरी धरली. रेल्वेचा पास होताच. रोज सकाळच्या पॅसेंजरनं तिकडे जायचं, त्या खोलीच्या बाहेर निंबाखालच्या बाकावर बसायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. दवाखान्यातल्या लोकांना वाटलं, म्हातारा बयाड झाला, वेड लागलं. काकूंनी मला सांगितलं तेव्हा मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले, उन्हाळ्याच्या सुट्टीत. डॉक्टरांची माफी मागायची होती, ती काही मागता आली नाही. बाकाच्या पलीकडे गावाकडची माणसं बसली होती. एक बाई जमिनीवर काडीनं रेघा ओढत होती, नुसत्या रेघा. मास्तर तिच्याकडे बघत होते, तोंड न फिरवता. मध्येच उठून त्यांनी आपली पाण्याची बाटली तिच्यासमोर ठेवली. माणसांकडे बघायला ते नव्यानं शिकत होते, आणि नवशिक्यासारखं जरा जास्तच टक लावून बघत होते.

चारच्या सुमाराला दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, नळावर गेले, कोपरापर्यंत हात धुतले. मग येऊन बाकासमोर उभे राहिले. मास्तरांनी टोपी पार मागे सारली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं मिनिटभर.

"बोला," मास्तर म्हणाले.

ही त्यांची रोजची रीत होती, मला गाडीतच सांगितली होती. दिवस निभला असेल तर डॉक्टर म्हणायचे, "एक किलवर." म्हणजे थोडंफार आहे हातात, तुम्ही जा. बरा दिवस असला तर एक नो ट्रम्पसुद्धा. मग मास्तर संध्याकाळची गाडी पकडायचे.

डॉक्टरांनी त्या बसलेल्या बाईकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"पास," ते म्हणाले.

मास्तरांनी खांद्याला अडकवलेली पिशवी काढून बाकावर ठेवली, बाजूला सरकून जागा केली आणि डॉक्टर तिथं बसले.

"तुमी निंगा मॅडम, गाडीचा टाइम झाला," मास्तर मला म्हणाले. "मी आज इथीच राह्यतो. घरी तेवढं सांगून द्या, जेवाले वाट पाहू नोका म्हना."

बडनेऱ्याला उतरून मी तशीच मोहोडांच्या घरी गेले. काकू ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मला एकटीला पाहून त्यांचे हात थांबले.

"पास म्हनले काय डॉक्टर?"

मी मान हलवली. काकूंनी सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "मंग सकायच्या गाडीनं डबा पाठवा लागन. दोघायचा."